दूरचे युद्ध आणि गावचा माल
सागरी व हवाई मालवाहतुकीवरील परिणामांचा एक अभ्यास

राहाता येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात डाळिंबाचे लिलाव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना तेथील एक गोष्ट निश्चितच जाणवली असेल. फळ एकाच बागेतले, तोडणी एकाच दिवसाची आणि प्रतही तीच. तरीही आठवडाभराच्या अंतराने त्याच्या भावात मोठी तफावत पडते. शेतकरी त्याचे कारण आवकेत शोधतो, पावसात शोधतो, कधी आडत्याच्या वागणुकीत शोधतो. पुष्कळदा ते कारण तेथेच असते. परंतु काही वेळा ते या आवारापासून हजारो मैल दूर, ज्याचे नावही आपण ऐकलेले नाही अशा एखाद्या सामुद्रधुनीत दडलेले असते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुका गोदावरीच्या कालव्यांवर वाढलेला बागायती प्रदेश आहे. येथील पेरू, डाळिंब, द्राक्षे, ऊस आणि कांदा यांनी तालुक्याला आर्थिक स्थैर्य दिले. या मालापैकी काही भाग थेट परदेशी जातो. बराचसा जात नाही. मात्र जो जातो त्याच्या भावाचा परिणाम येथेच विकल्या जाणाऱ्या मालावरही होतो. कारण निर्यात थांबली की तोच माल देशातील बाजारात उतरतो आणि सर्वांचेच भाव खाली येतात. त्याचप्रमाणे उसाला लागणारे पोटॅश आणि स्वयंपाकाला लागणारे तेल परदेशांतून जहाजाने येते. म्हणून एखाद्या दूरच्या प्रदेशातील संघर्षाने जहाजांच्या व विमानांच्या वाटा बंद होतात, तेव्हा नेमके काय घडते आणि त्याची झळ आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने येते, हे अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य या तिघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

जुना धडा

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस याच बंदरांतून येत असे. तो अडकताच गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबई बंदरातून कापसाची निर्यात वाढली आणि भाव कित्येक पटींनी चढले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या संपत्तीत सुमारे ८ कोटी पौंडांची भर पडली, असे सांगितले जाते. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. चढे भाव कायम टिकणार, असे सर्वांनी गृहीत धरले.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेची बंदरे खुली झाली आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईत शेअरांचा बाजार बुडाला, पेढ्या बुडाल्या. खेड्यात त्याचे परिणाम सावकाश पोहोचले, पण ते अधिक खोल गेले. भाव उतरले तरी कर्ज उतरले नाही. त्यातच जमीन महसुलाच्या फेरआकारणीचा बोजा आला. अखेर १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून घेऊन जाळली आणि हा उठाव नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला.

या दंग्यांचे कारण केवळ कापूस हे नव्हते, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. परंतु त्या घटनाक्रमातील एक दुवा स्पष्ट आहे. दूरच्या युद्धाने एक सागरी वाट बंद झाली, त्यामुळे येथे भाव चढले, त्या भावावर विसंबून कर्जे झाली आणि वाट खुली होताच कर्जे तेवढी मागे राहिली. युद्धामुळे भाव पडतात इतकेच आपण सहसा लक्षात घेतो. युद्धामुळे भाव चढतात आणि ते चढणेही तितकेच धोक्याचे असते, हा १८६५ चा धडा आहे.

सागरी वाटांच्या खिंडी

जगाचा नकाशा समोर ठेवला की समुद्र अफाट दिसतो. जहाजे मात्र त्यात मनाला येईल तशी फिरत नाहीत. घाटातील रस्ता जसा खिंडीतूनच जातो, तशा सागरी वाटाही काही चिंचोळ्या जागांतून जातात. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांपैकी तीन महत्त्वाच्या आहेत.

पहिली सुएझ कालव्याची. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झालेला हा सुमारे १९३ किलोमीटर लांबीचा कालवा भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना जोडतो. दुसरी खिंड तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला आहे. तिचे नाव बाब-अल-मंदेब, म्हणजे अश्रूंचे द्वार. येमेन आणि आफ्रिका यांच्यामधील ही सामुद्रधुनी सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे. सुएझमार्गे युरोपला जाणाऱ्या प्रत्येक भारतीय जहाजाला या दोन्ही खिंडी ओलांडाव्या लागतात. तिसरी होर्मुझची. इराणच्या आखाताचे हे तोंड. २०२४ साली दररोज सुमारे २ कोटी बॅरल खनिज तेल व तेलपदार्थ या वाटेने गेले; जगाच्या एकूण वापराचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय.

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापासून नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदर सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हेच अंतर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेल्यास सुमारे १०,७०० सागरी मैल भरते. साध्या भाषेत सांगायचे तर मूळ वाटेच्या दोनतृतीयांशाहून अधिक वाट वाढते.

ही वाट यापूर्वीही बंद पडली आहे. १९५६ च्या अखेरीस सुएझच्या संघर्षामुळे कालवा बंद झाला व १९५७ च्या एप्रिलमध्ये तो पूर्ववत सुरू झाला. ५ जून १९६७ रोजी अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि कालवा तब्बल आठ वर्षे, म्हणजे ५ जून १९७५ पर्यंत बंद राहिला. त्या वेळी कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर सरोवरात अडकलेली १४ जहाजे वर्षानुवर्षे तेथेच नांगरून पडली होती. पुढे १९८४ ते १९८८ या काळात इराण-इराक युद्धात आखातातील तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले. याचा अर्थ असा की, वाट बंद पडणे हा अपवादात्मक अपघात मानून चालणार नाही. एका पिढीच्या आयुष्यात तो प्रसंग दोन-तीन वेळा येतोच.

तांबड्या समुद्रातील संकट

अलीकडचे मोठे उदाहरण २०२३ सालचे आहे. गाझातील युद्ध सुरू झाल्यानंतर १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी गटाने ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारी वाहून नेणारे जहाज तांबड्या समुद्रात पकडले. ते गुजरातमधील पिपावाव बंदराकडे येत होते. त्यानंतर क्षेपणास्त्रे व ड्रोन यांनी जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरच्या मध्यापासून जगातील प्रमुख जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्राची वाट सोडून आफ्रिकेचा वळसा पत्करला. २०२३ मध्ये सुएझ कालव्यातून २६ हजारांहून अधिक जहाजे गेली होती. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही या घटनांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला. २३ डिसेंबर २०२३ रोजी पोरबंदरपासून सुमारे २१७ सागरी मैलांवर ‘केम प्लुटो’ या जहाजावर ड्रोनचा आघात झाला. त्यावर २१ भारतीय खलाशी होते. जहाज २५ डिसेंबरला मुंबईस सुखरूप आणण्यात आले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने चाचेगिरी करणाऱ्या ३५ जणांना पकडून मुंबईत आणले. मोठ्या संघर्षाच्या आडोशाने जुनी चाचेगिरीही पुन्हा डोके वर काढते, हे त्यावरून दिसून आले. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मृत्युमुखी पडले. उरलेल्यांची सुटका भारतीय नौदलाच्या ‘कोलकाता’ या युद्धनौकेने केली. मालाच्या भावाची चर्चा करताना त्या मालासोबत माणसे प्रवास करीत असतात, याचा विसर पडू नये.

२०२५ च्या आरंभी गाझात युद्धविराम झाला तेव्हा वाट लवकरच खुली होईल, अशी आशा निर्माण झाली होती. पण जुलै २०२५ मध्ये आणखी दोन जहाजे बुडविण्यात आली. तह झाला म्हणजे दुसऱ्याच दिवशी जहाजे पूर्वीच्या वाटेला लागतात, असे होत नाही. विमा कंपनीला आणि जहाजाच्या कप्तानाला खात्री वाटावी लागते. आणि खात्री ही तहाच्या कागदापेक्षा सावकाश येते.

झळ पोहोचते कशी?

युद्धाची झळ मालापर्यंत चार दारांनी येते. दिवस, भाडे, विमा आणि रिकामे कंटेनर ही ती चार दारे होत.

पहिले दार दिवसांचे. रॉटरडॅमच्या प्रवासाला सुएझमार्गे साधारणतः २५ दिवस लागत असतील, तर वळसा घालून ३५ ते ४० दिवस लागतात. सुती कापडाला त्याने फारसे बिघडत नाही; द्राक्षाला बिघडते. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास, भरपूर आर्द्रतेत ठेवावी लागतात. तरीही देठ वाळतो, मणी गळतो आणि बुरशीचा धोका दिवसागणिक वाढतो. युरोपचा हंगामही जानेवारी ते एप्रिल इतकाच असतो. माल उशिरा पोहोचला तर दुसऱ्या देशाचा माल बाजारात आलेला असतो. डाळिंब त्यामानाने चिवट फळ आहे. सुमारे ५ अंश तापमानात ते दोन ते तीन महिने टिकू शकते. सोलापूर भागातील ५.७ टन डाळिंबे ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे निघाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे ३८ दिवसांनी, ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पोहोचली. लांबलेल्या वाटेला कोणते फळ पुरेल आणि कोणते पुरणार नाही, याचा विचार करताना हे उदाहरण मार्गदर्शक ठरावे.

दुसरे दार भाड्याचे. वळशामुळे इंधन जास्त लागते हे उघड आहे. पण भाडेवाढीचे मोठे कारण वेगळे आहे, आणि ते चौथ्या दाराशी जोडलेले आहे. समजा, एक साप्ताहिक सेवा आहे आणि जाऊन-येऊन फेरीला ७० दिवस लागतात. दर आठवड्याला एक जहाज सुटायचे असेल तर १० जहाजे हवीत. फेरी ९१ दिवसांची झाली की त्याच सेवेला १३ जहाजे लागतात. ही तीन जहाजे दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावरून काढून आणावी लागतात, त्यामुळे त्या मार्गावरही जागा अपुरी पडते. कंटेनरचेही तसेच. युरोपला गेलेला शीतकंटेनर तीन आठवडे उशिरा परततो, तेवढे दिवस न्हावाशेव्याला रिकाम्या कंटेनरची टंचाई भासते. म्हणून दुबईच्या वाटेवर तांबडा समुद्र लागत नसतानाही, तिकडे जाणाऱ्या डाळिंबाच्या कंटेनरचे भाडे वाढू शकते. जेद्दाह बंदर तर तांबड्या समुद्रातच असल्याने तेथील मालाला बाब-अल-मंदेब ओलांडावेच लागते.

तिसरे दार विम्याचे. धोक्याच्या प्रदेशातून जाणाऱ्या जहाजाला युद्धधोक्याचा वेगळा विमा काढावा लागतो. २०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्राच्या एका फेरीसाठी हा दर जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेल्याचे वृत्त होते. शांततेच्या काळात तो एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असे. जहाज ४०० कोटी रुपयांचे आणि दर ०.७ टक्के धरला तर हप्ता २ कोटी ८० लाख रुपये होतो. जहाजावर ४,००० कंटेनर असतील तर दर कंटेनरमागे ७,००० रुपये पडतात.

आता एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एका शीतकंटेनरमध्ये १३,००० किलो द्राक्षे असून किलोला ८० रुपये भाव धरला, तर मालाची किंमत १० लाख ४० हजार रुपये होते. वळशामुळे भाडे २ लाख ६० हजार रुपयांनी वाढले, तर किलोमागे २० रुपये वाढले. माल १४ दिवस अधिक अडकला, तर दरसाल १२ टक्के दराने व्याज सुमारे ४,८०० रुपये, म्हणजे किलोमागे जेमतेम ३७ पैसे. पण फळाची ताजेपणाची कळा गेली म्हणून खरेदीदाराने भावात १० टक्के कपात केली, तर १ लाख ४ हजार रुपये, म्हणजे किलोमागे ८ रुपये गेले. एकूण तूट किलोला २८ रुपयांच्या वर जाते. या हिशेबात व्याज नगण्य आहे. खरी तूट भाड्यात आणि फळाच्या प्रतीत आहे.

ही तूट सोसतो कोण, हा कळीचा प्रश्न आहे. जहाज कंपनी वाढीव भाडे निर्यातदाराकडून घेते. निर्यातदार शक्य असेल तर परदेशी खरेदीदाराकडून, नाही तर शेतकऱ्याच्या भावातून ते वसूल करतो. शेतकऱ्याच्या मागे मात्र कोणीच नसते. म्हणून साखळीतील प्रत्येक जण आपला बोजा पुढे सरकवितो आणि तो शेवटी बागेच्या बांधावर येऊन थांबतो.

येथे विम्याविषयीचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. मालाच्या सर्वसाधारण सागरी विम्यात युद्धाचा धोका येत नाही. त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. आणि ते घेतले तरी, केवळ उशीर झाल्यामुळे झालेले नुकसान बहुतेक विमापत्रांतून वगळलेले असते. म्हणजे जहाज बुडाले तर भरपाई मिळू शकते. जहाज सुखरूप पोहोचले पण द्राक्षे वाटेत सडली, तर बहुधा मिळत नाही. अनेकांना हे माल सडल्यानंतर समजते. ते कंटेनर भरण्यापूर्वी समजले पाहिजे.

आकाशातील वाटा

समुद्राची वाट बंद पडली तर माल विमानाने पाठवावा, असे सहज सुचते. परंतु आकाशातही सीमा असतात. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले, ते १६ जुलै २०१९ रोजी खुले झाले. या काळात एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना हवाई क्षेत्र बंद केले. भारतानेही ३० एप्रिलपासून तसेच केले आणि दोन्हीकडून ही मुदत पुढे वाढविली गेली. १३ ते २४ जून २०२५ या बारा दिवसांच्या इराण-इस्राएल युद्धात पश्चिम आशियातील अनेक देशांचे आकाश बंद झाले. २३ जूनला कतारने काही तासांपुरते आपले आकाश बंद केले, तेव्हा दोहामार्गे जाणारी विमाने जागच्या जागी अडकली.

विमान लांबच्या वाटेने गेले की त्याला इंधन जास्त घ्यावे लागते. विमानाने किती वजन घेऊन उडावे यास मर्यादा असते. म्हणून इंधन वाढले की माल कमी करावा लागतो. उतारूंना खाली ठेवता येत नाही, पेट्या ठेवता येतात. मुंबईहून परदेशी जाणारा बराचसा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो आणि त्यातील मोठा वाटा दुबई, दोहा यांसारख्या आखाती विमानतळांवर उतरून पुढे जातो. प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या की त्याबरोबर मालाची जागाही नाहीशी होते. शिवाय समुद्रमार्ग अडला की कारखानदारही आपला निकडीचा माल विमानाकडे वळवितात. त्यांच्या किमती मालापुढे फळांच्या पेटीला जागा मिळविणे अवघड जाते.

आपल्या परिसरात काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ पासून शिर्डी विमानतळ सुरू झाला आहे. त्यामुळे हवाई वाहतूक आपल्या दारी आली, असे म्हणावयास हरकत नाही. पण विमानतळ जवळ असणे आणि आकाश मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आत येणारा माल

निर्यातीची चर्चा होते, आयातीची तितकीशी होत नाही. वास्तविक राहाता तालुक्यातील लहान शेतकऱ्याला आयातीची झळ अधिक बसते. कारण डाळिंब सर्वांकडे नसते, पण खताचे पोते सर्वांनाच लागते. आपल्या देशाला लागणारे पोटॅश जवळजवळ सर्व बाहेरून येते. रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल हे त्याचे प्रमुख पुरवठादार देश. आणि यांपैकी प्रत्येक देश अलीकडच्या काळात युद्धाच्या वा निर्बंधांच्या छायेत आलेला आहे. युरियाच्या कारखान्यांना नैसर्गिक वायू लागतो. कतारहून येणारा वायू होर्मुझमधूनच येतो.

स्वयंपाकघराचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि काळ्या समुद्रातील युक्रेनची बंदरे बंद झाली. भारत सूर्यफुलाचे तेल मुख्यत्वे तेथूनच घेत असे. तेलाचे भाव कडाडले आणि खेड्यातील किराणा दुकानदारालाही युक्रेनचे नाव पाठ झाले.

सर्वच दोष युद्धाचा नव्हे

एक दक्षता मात्र घेतली पाहिजे. भाव पडला की त्याचे खापर युद्धावर फोडण्याची सवय लागू नये. तांबड्या समुद्रातील संकट ऐन भरात असताना कांद्याचे भाव कोसळले, हे खरे. परंतु त्या वेळी ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याच्या निर्यातीवर केंद्र शासनाची बंदी होती. देशातील ग्राहकाला कांदा परवडावा, हा त्यामागील हेतू होता. त्या काळात कांद्याला अडविणारी मुख्य गोष्ट समुद्र नव्हता. उलट त्याच महिन्यांत द्राक्षांवर बंदी नव्हती आणि त्यांना अडविणारी गोष्ट समुद्रच होता. कारण अचूक ओळखले तरच उपाय अचूक करता येतो. म्हणून ग्रामसभेत भावाचा प्रश्न निघाला की प्रथम तीन प्रश्न विचारावेत : वाट बंद आहे काय? परवाना बंद आहे काय? की माल जास्त झाला आहे?

करण्याजोगे काही

युद्ध थांबविणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. पण युद्धाची झळ कमी करणे बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहे.

पहिली गोष्ट, जहाजात जागा मिळाल्याची लेखी खात्री झाल्याखेरीज निर्यातीच्या मालाची तोडणी करू नये. झाडावरील फळ काही दिवस थांबते; तोडलेले फळ थांबत नाही.

दुसरी गोष्ट, निर्यातदाराशी होणारा व्यवहार कागदावर असावा. वाढीव भाडे कोणी सोसावयाचे, उशीर झाल्यास भाव कसा ठरावयाचा आणि विमा कोणत्या धोक्यांचा काढला आहे, ही तीन कलमे त्यात स्पष्ट असावीत.

तिसरी गोष्ट, एकाच बाजारावर विसंबू नये. युरोप, आखात आणि देशातील मोठी शहरे अशी मालाची विभागणी असावी. निर्यातीसाठी राखलेली बाग शीतगृहाच्या सोयीशी जोडलेली असावी. एकट्या शेतकऱ्याला हे शक्य नसते, संघटित शेतकऱ्यांना असते. १९९१ साली स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ने द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून युरोपचा बाजार मिळविला. याच तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात हाच धडा उसाच्या बाबतीत घालून दिला होता.

चौथी गोष्ट खतांची. माती परीक्षण करून आवश्यक तेवढेच खत द्यावे आणि सोसायट्यांनी हंगामापूर्वी साठा करावा. आपल्याकडील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणाऱ्या सांडपाण्याच्या राखेत पोटॅश असते. १४.५ टक्के पोटॅश असलेल्या अशा खताचा २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत समावेश करण्यात आला. जे पोटॅश समुद्र ओलांडून आणावे लागते, त्याचा काही अंश आपल्याच उसाच्या मळीत आहे, हे कृषी सहायकांनी शेतकऱ्यांस आवर्जून सांगावे. त्याचा वापर कसा व किती करावा, याविषयी बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन घेता येईल.

पाचवी गोष्ट, आणि ती १८६५ ची आठवण ठेवून सांगावयाची : युद्धामुळे भाव चढला तर त्या भावावर विसंबून दीर्घ मुदतीचे कर्ज काढू नये किंवा नवी बाग लावू नये. वाट कधी तरी खुली होते. तेव्हा भाव जातो, हप्ता राहतो.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. वर्गात पृथ्वीगोल असतोच. एक दोरा घेऊन मुंबईपासून सुएझमार्गे रॉटरडॅमपर्यंत लावावा, मग तोच आफ्रिकेला वळसा घालून लावावा आणि दोन्ही दोरे मोजावेत. भूगोल, गणित आणि घरचा हिशेब असे तीन विषय त्या एका पाठात येतात. ज्या मुलाच्या घरी डाळिंबाची बाग आहे, त्याला बाब-अल-मंदेब हे नाव परीक्षेनंतरही लक्षात राहील.

ग्रामपंचायतीच्या फलकावर हवामान आणि बाजारभाव लिहिले जातात. त्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिण्याची प्रथा पाडावी : या आठवड्यात जहाजांची वाट कोणती, आणि माल पोहोचावयास किती दिवस लागत आहेत. ही माहिती निर्यातदारांकडून आणि पणन मंडळाकडून मिळविता येते. त्या एका ओळीने युद्ध थांबणार नाही. पण घाईने तोडलेला माल, अर्धवट वाचलेले विमापत्र आणि चढत्या भावावर काढलेले कर्ज यांपासून काही कुटुंबे वाचतील. गावाच्या दृष्टीने तो लाभही थोडा नव्हे.